इफिस, फिलिप्पै आणि पिलाताच्या काळातील नाणी कशी ओळखावीत?

(अभ्यासलेख)



रविवारच्या वाचनांतून संत पौलाची पत्रे आपण नेहमी ऐकतो. करिंथ, इफिस, फिलिप्पै, थेस्सलनीका ही नावे आपल्या चांगली परिचयाची झाली आहेत. पण ती खरीखुरी गावे होती, तिथे बाजार भरत होता, मासळीचा भाव ठरत होता आणि सुट्या पैशांवरून हुज्जतही होत होती, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. त्या बाजारांतील सुटे पैसे आजही मोठ्या संख्येने शिल्लक आहेत. ब्राँझची, झिजलेली, हिरवट-काळपट अशी ही नाणी. अभ्यासक त्यांना ‘रोमन प्रांतिक नाणी’ म्हणतात. पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्यांना जेरुसलेमच्या दुकानांत अशी नाणी दाखवली जातात आणि काही जण ती श्रद्धेने विकत घेतात. म्हणून ती ओळखायची कशी, ती आपल्याला काय सांगतात आणि घेताना काय जपावे, हे आज क्रमाने पाहू.

१. ही नाणी कोणी पाडली?

रोमन साम्राज्यात सोन्याच्या आणि बहुतांश चांदीच्या नाण्यांवर मध्यवर्ती सत्तेचा ताबा होता. मात्र रोजच्या व्यवहारातील सुटे पैसे पूर्वेकडील शहरे स्वतःच पाडत. ग्रीस, आशिया मायनर (आजचे तुर्कस्तान), सिरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त या भागांतील पाचशेहून अधिक शहरांनी अशी नाणी काढली. हा काळ साधारण इ.स.पूर्व ४४ पासून इ.स. २९६ च्या सुमारापर्यंतचा. डायोक्लेशन बादशहाने चलनात सुधारणा केल्या तेव्हा आलेक्झांड्रियाची जुनी पद्धतही बंद झाली आणि हा अध्याय संपला.

नवा करार वाचताना या पैशांची उतरंड लक्षात ठेवावी. मराठी बायबलात ‘टोली’, ‘दमडी’ असे आपल्या जुन्या व्यवहारातले शब्द आले आहेत. मूळ ग्रीकमध्ये लेप्टॉन, कोड्रान्टीस आणि असारिऑन अशी तीन वेगळी नावे आहेत. दोन लेप्टा म्हणजे एक कोड्रान्टीस, हे मार्कने स्वतःच सांगितले आहे. चार कोड्रान्टीसचे एक असारिऑन आणि सोळा असारिऑनचा चांदीचा एक दिनार. दिनार ही द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे गरीब विधवेने दानपेटीत टाकले ते एका दिवसाच्या मजुरीचा ६४ वा भाग होते. दोन चिमण्या ज्या नाण्याला मिळत ते असारिऑन. खिऑस या ग्रीक बेटाने तर आपल्या ब्राँझ नाण्यांवर ‘असारिऑन’ हा शब्दच कोरला होता.

२. ओळखण्याचे पाच प्रश्न

नाणे हातात आले की घाईने नाव सांगू नये. पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत.

(अ) माप काय? व्यास मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये घ्यावे. सोनाराचा छोटा काटा यासाठी पुरतो. नाणे उभ्या रेषेत फिरवले असता मागचे चित्र सरळ दिसते की उलटे, हेही लिहावे.

(ब) लिपी कोणती? बहुतेक शहरांची नाणी ग्रीक अक्षरांत आहेत. लॅटिन अक्षरे दिसली तर ते शहर रोमन ‘वसाहत’ असण्याची शक्यता मोठी. करिंथ आणि फिलिप्पै ही अशी वसाहती शहरे. ग्रीक ‘सिग्मा’ हे अक्षर अनेक नाण्यांवर इंग्रजी ‘सी’सारखे अर्धगोल कोरलेले असते. नवशिके तिथे हमखास फसतात.

(क) चेहरा कोणाचा? दर्शनी बाजूस बहुधा बादशहा किंवा त्याच्या घराण्यातील कोणी असतो. भोवती ‘कैसर’, ‘सेबास्टोस’ (म्हणजे ऑगस्टस) आणि ‘आउटोक्रातोर’ (सेनापती-सम्राट) हे शब्द शोधावेत. शेवटचा शब्द पुष्कळदा पहिल्या दोन-तीन अक्षरांतच उरकलेला असतो.

(ड) गाव कोणते? याचे उत्तर मागच्या बाजूस मिळते. ग्रीक नाण्यावर शहराचे नाव नसते, लोकांचे असते. ‘एफेसिओन’ म्हणजे इफिसकरांचे, ‘किप्रिओन’ म्हणजे सायप्रसकरांचे. आपण ‘वसईकरांचे’ म्हणतो तसेच. शब्दाच्या शेवटी ‘ओन’ दिसले की गाव सापडले असे समजावे.

(इ) वर्ष किंवा अधिकारी कोण? ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. आल्फा म्हणजे १, बीटा २, झीटा ७, ईटा ८ आणि आयोटा १०. यहुदिया आणि इजिप्तच्या नाण्यांवर आकड्याआधी इंग्रजी ‘एल’सारखी खूण असते, तिचा अर्थ ‘वर्ष’. ही वर्षे राज्यकर्त्याच्या कारकिर्दीची असतात.

अक्षरे पार झिजली असतील तर चित्रावरून गाव ओळखता येते. मधमाशी आणि हरिण ही इफिसची खूण. पंखांचा घोडा करिंथचा. पुष्पचक्रात ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन मोठी लॅटिन अक्षरे असतील तर प्रथम सिरियातील अंत्युखियाचा विचार करावा. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाले ते याच शहरात.

३. चार नाणी, चार धडे

पिलाताच्या काळातील नाणे : जेमतेम १५ मिलिमीटर व्यासाचे आणि दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे. त्यावर पिलाताचे नाव नाही, बादशहाचा चेहराही नाही. ‘तिबेरिऊ कैसारोस’, म्हणजे ‘तिबेरियस कैसराचे’, अशी अक्षरे. वर्ष १६ च्या नाण्यावर रोमन पूजेतील पळी आहे, तर वर्ष १७ आणि १८ च्या नाण्यांवर शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकडी काठी. तिबेरियस इ.स. १४ मध्ये गादीवर आला, म्हणून ही वर्षे इ.स. २९ ते ३२ या काळात येतात. पिलात इ.स. २६ ते ३६ अधिकारावर होता, त्यावरून ही नाणी त्याची ठरतात. संत लूक योहान बाप्तिस्त्याच्या कार्याचा आरंभ सांगताना तिबेरियसचे १५ वे वर्ष देतो. नाणे पाडणारा आणि शुभवर्तमान लिहिणारा, दोघेही एकाच पद्धतीने काळ मोजत होते.

फिलिप्पैचे नाणे : एका बाजूस विजयदेवता, दुसऱ्या बाजूस सैन्याची तीन निशाणे आणि सगळी अक्षरे लॅटिन. अवतीभोवतीचा मासेदोनिया ग्रीक बोलणारा, पण हे गाव निवृत्त रोमन सैनिकांचे. ‘प्रेषितांची कृत्ये’ अध्याय १६ मध्ये फिलिप्पैला वसाहत म्हटले आहे आणि पौल रोमन नागरिक आहे हे कळताच तेथील अधिकारी घाबरले असे सांगितले आहे. ते का घाबरले, हे या लॅटिन नाण्याकडे पाहून चटकन समजते.

इफिसचे नाणे : अध्याय १९ मध्ये चवताळलेल्या जमावाला शहराचा चिटणीस शांत करतो आणि इफिस हे अर्तमी देवीच्या मंदिराचे ‘निओकोरोस’, म्हणजे मंदिराची देखभाल करणारे शहर आहे, याची आठवण देतो. नीरो बादशहाच्या काळातील, इ.स. ६५-६६ च्या इफिसच्या नाण्यांवर हाच शब्द कोरलेला आहे. चिटणिसासाठी वापरलेला ‘ग्रामातेउस’ हा हुद्दाही तेथील नाण्यांवर आढळतो.

सायप्रसचे नाणे : अध्याय १३ मध्ये सिर्ग्य पौल या अधिकाऱ्याला ‘अँथिपातोस’ म्हटले आहे. क्लॉडियस बादशहाच्या काळातील सायप्रसच्या ब्राँझ नाण्यावर कोमिनियस प्रोक्लस या दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाव येते, आणि हुद्दा तोच. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या नाण्यावरून सिर्ग्य पौल सायप्रसला होता हे सिद्ध होत नाही. तेथील अधिकाऱ्याचा हुद्दा लूकने बरोबर लिहिला, एवढेच सिद्ध होते. नाणे जेवढे सांगते तेवढेच ऐकावे. आपल्या श्रद्धेला अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नाही.

हीच कसोटी फ्रिजियातील अपामिया शहराच्या एका प्रसिद्ध नाण्याला लावून पाहा. सेप्टिमियस सेव्हेरस आणि फिलिप यांच्या राजवटीत पाडलेल्या या नाण्यावर पेटीसारखे तारू, आत एक पुरुष व एक स्त्री, वर पक्षी आणि तारवावर ‘नोए’ म्हणजे नोहा अशी अक्षरे आहेत. हे नाणे जलप्रलयाचा पुरावा नव्हे. पण तिसऱ्या शतकाच्या आसपास एका मूर्तिपूजक शहराला नोहाची कथा इतकी आपली वाटत होती की त्याने ती पैशावर कोरली, ही गोष्टही लहान नाही.

४. घेताना आणि जपताना

पहिली सूचना साफसफाईची. घरातील तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने लख्ख करतो, तसे नाण्याला कधीही करू नये. त्यावरचा हिरवा-तपकिरी थर हेच त्याचे कवच असते आणि अक्षरे बहुधा त्या थरातच टिकलेली असतात. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावे, तारेचा ब्रश वापरू नये. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो ब्राँझला लागलेला रोग समजावा. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा साधे कागदी पाकीट बरे.

दुसरी सूचना बनावट नाण्यांची. प्राचीन नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकली जात, बनावट पुष्कळदा साच्यात ओतलेली असतात. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवर सर्वत्र फिरणारी जोडाची रेघ दिसली तर सावध व्हावे. मात्र यहुदियाच्या छोट्या नाण्यांच्या कडेला एक-दोन तुटके टोके असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या चकत्या साच्यात एकमेकींना जोडून ओतल्या जात, मग ठसा मारून तोडल्या जात. ‘हेच विधवेचे नाणे’ असे कोणी म्हटले तर हसून सोडून द्यावे. त्या नावाने विकली जाणारी नाणी बहुधा आलेक्झांडर यान्नाय या यहुदी राजाची (इ.स.पूर्व १०३ ते ७६) असतात. ती येशूच्या काळीही चालत होती, पण नेमके ‘ते’ नाणे कोणीही दाखवू शकत नाही.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. नाणे कुठून आले हे विचारावे. ते जमिनीत कोणत्या थरात, कशासोबत सापडले हे नोंदले गेले तरच त्याची साक्ष पूर्ण होते. चोरून खणलेले नाणे म्हणजे ग्रंथातून फाडलेले पान. सिरियातील ओरोन्तेस नदीकाठच्या अपामियात (हे फ्रिजियातील अपामियाहून वेगळे) २०११ नंतर चोरट्यांनी खणलेले असंख्य खड्डे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले. अशा मालाला गिऱ्हाईक आहे म्हणूनच खड्डे पडतात. इस्रायलमध्ये परवानाधारक दुकानातूनच घ्यावे, पावती घ्यावी आणि देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी मागावी. तेथे ती आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुराणवस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

‘सोपाऱ्याच्या मातीत सापडले’ अशी कथाही जपून ऐकावी. सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आहेत हे खरे, पण इतक्या दूरच्या व्यापाराला सोने-चांदी लागे. इफिसचा सुटा पैसा इफिसच्या बाजारातच चाले.

विकत न घेताही हा अभ्यास उत्तम होतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ हा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. शहराचे नाव टाकले की छायाचित्रे समोर येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना हे जरूर दाखवावे.

५. सराव

(१) १५ मिलिमीटरचे नाणे. एका बाजूस वाकडी काठी, दुसऱ्या बाजूस पुष्पचक्रात ‘एल’सारखी खूण, आयोटा आणि झीटा.
(२) बादशहाचा चेहरा, मागे पुष्पचक्रात ‘एस’ आणि ‘सी’.
(३) अक्षरे झिजलेली, पण मागे हरिण स्पष्ट.

उत्तरे : (१) तिबेरियसचे १७ वे वर्ष, इ.स. ३०-३१, पिलाताचा काळ. (२) बहुधा सिरियातील अंत्युखिया. (३) इफिस असावे, पण अक्षरे वाचता येईपर्यंत वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.