नकाशावरचं युद्ध आणि नकाशाबाहेरची माणसं

चि. भाचीस,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ‘हार्ट्‌स ऑफ आयर्न फोर’ खेळता खेळता आंतरराष्ट्रीय राजकारणात एम. ए. करायचं तुझ्या मनाने घेतलंय, घरात मात्र ‘रात्र रात्र गेम खेळते’ म्हणून बोलणी बसतात, तेव्हा मामाने तुझी बाजू घ्यावी, असा एकूण मजकूर. मामा बाजू घेईल, पण अर्धी. हा गेम जे शिकवतो ते मोलाचं आहे आणि कॉलेजच्या पुस्तकांत ते सहसा इतकं नीट उमगत नाही. जे तो लपवतो, ते मात्र तुझ्यासारख्या मुलीने आधी जाणून घेतलं पाहिजे. कारण तुला पुढे याच विषयात बोलायचं आहे, लिहायचं आहे.

तुझ्या आईलाही हे पत्र वाचून दाखव, म्हणून थोडं पहिल्यापासून. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने हा गेम ६ जून २०१६ रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या वर्धापनदिनी, बाजारात आणला. खेळ १९३६ किंवा १९३९ पासून सुरू होतो. जर्मनी, सोव्हिएत संघ, अमेरिका, इथिओपिया, अगदी ब्रिटिश हिंदुस्थान, कोणताही देश हाती घेता येतो. घड्याळ तासातासाने पुढे सरकतं आणि हवं तेव्हा थांबवता येतं. समोर जगाचा नकाशा, आणि त्यामागे कारखाने, खनिजं, रेल्वे, संशोधन, करार आणि फौजा यांचा प्रचंड पसारा.

या गेमचं खरं बळ लढाईच्या पडद्यावर नाही, उत्पादनाच्या पडद्यावर आहे. एखाद्या कारखान्याला रायफली करायला लावल्या की सुरुवातीला काम रडतखडत चालतं. महिने उलटतात तशी कार्यक्षमता वाढते आणि तेवढेच कारखाने दुपटीतिपटीने माल काढू लागतात. मध्येच मोह झाला आणि त्यांनाच रणगाड्यांवर लावलं, की कमावलेली बरीचशी सफाई वाया जाते. हे नुसतं गेममधलं गणित नाही. मिशिगनमधल्या विलो रन इथला फोर्डचा प्रचंड विमान कारखाना १९४२ मध्ये इतका अडखळत होता की त्याची टिंगल व्हायची. १९४४ मध्ये तिथून तासाला एक बी-२४ बॉम्बर बाहेर पडू लागला. सोव्हिएत कारखान्यांनी टी-३४ हा रणगाडा धरून ठेवला आणि त्यात बदल शक्य तितके टाळले, तेही याच कारणाने. सेनापतींची चरित्रं वाचून मोठा झालेला माणूस युद्ध म्हणजे शौर्य आणि डावपेच असं धरून चालतो. हा गेम खेळलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की युद्ध कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतं, आणि त्याची तयारी तीन-चार वर्षं आधी करावी लागते.

कच्च्या मालाचंही तसंच. जपान घेऊन एकदा खेळ, म्हणजे १९४१ समजेल. जपानला पोलाद करता येतं, पण त्याच्याकडे तेल आणि रबर जवळपास नाही. बाहेरून आणायचं तर आठ एकक मालामागे आपला एक नागरी कारखाना गुंतवावा लागतो, म्हणजे नवी बांधकामं मंदावतात. नकाशावर दक्षिणेकडे पाहिलं की डच ईस्ट इंडीजमध्ये तेल दिसतं, मलायात रबर दिसतं. प्रत्यक्षातही जपानचं सुमारे चार पंचमांश तेल अमेरिकेतून येत होतं. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरल्या, अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल थांबलं. साठा महिन्यामहिन्याने आटत असताना टोकियोतल्या माणसांपुढे कोणता पेच होता, हे दहा पानं वाचून जेवढं कळत नाही तेवढं त्या रिकाम्या होत जाणाऱ्या इंधनाच्या आकड्याकडे पाहून कळतं. त्यांनी जे केलं ते योग्य होतं असं त्यातून मुळीच ठरत नाही. पण ते वेड्यांचं काम नव्हतं, एवढं ध्यानात येतं. राजकारण शिकणाऱ्याला ही नजर लागतेच.

आणि रसद. हा इंधनाचा हिशोब गेममध्ये २०१९ साली आला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रसदीची सगळी व्यवस्थाच नव्याने बांधली गेली: रूळ, कोठारं, मालगाड्या, घोडे, ट्रक. तेव्हापासून जर्मनी घेऊन मॉस्कोकडे निघालेल्या खेळाडूला कळू लागलं की नकाशावर चढाईचा बाण लांब ओढला म्हणून फौज तिथे पोचत नाही. रसदीचा नकाशा उघडावा तर पुढच्या डिव्हिजनी लाल पट्ट्यात उभ्या. दारूगोळा मागे अडकलेला, रणगाडे जागच्या जागी. १९४१ मध्ये जर्मनांना हेच भोवलं होतं. सोव्हिएत रुळांची रुंदी वेगळी, म्हणून मैलोन्‌मैल रूळ बदलत जावं लागलं, आणि वाहतुकीचा मोठा भार घोड्यांवर होता. रस्ता, पूल, बंदर आणि गोदाम यांच्याकडे परराष्ट्र धोरणाचा भाग म्हणून पाहण्याची सवय या गेमने तुला लावली असेल, तर तुझ्या रात्री वाया गेल्या नाहीत, असं आईला मामाच्या वतीने सांग.

आता उरलेली अर्धी बाजू.

किरकोळ दोष तुला माहीतच आहेत. फौजा वाढल्या की १९४४ नंतर खेळ रेंगाळतो. संगणकाचा शत्रू किनाऱ्यावर उतरताना शहाणपणा दाखवत नाही. पूर्ण गेम हवा तर एकामागून एक डीएलसी, म्हणजे गेमचे जादा भाग, विकत घ्यावे लागतात आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड जातं. सेल लागेपर्यंत थांबावं, यापलीकडे त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

मोठा दोष असा की या गेममध्ये देशाला एकच मन असतं, आणि ते खेळाडूचं. एक ‘नॅशनल फोकस’ निवडायचा, बहुधा सत्तर दिवस थांबायचं, की देश त्या दिशेला वळला. जनमताचं एक वर्तुळ असतं. त्यात लोकशाहीवादी, फॅसिस्ट, कम्युनिस्ट आणि अलिप्त असे चार रंग. आता आपला इतिहास त्या वर्तुळात बसवून पाहा. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या कोणत्याही पक्षाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याच शरद ऋतूत काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. तरी सैन्यभरती चालूच राहिली आणि युद्ध संपेपर्यंत ती सुमारे पंचवीस लाखांवर गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरून ‘चले जाव’ची हाक गेली. ज्या सातारा जिल्ह्यातून मराठा पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या मुलं भरती होत होती, त्याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं: गावोगावची न्यायदान मंडळं, तुफान सेना, सावकारांना आणि गुंडांना जरब. एका घरातला एक भाऊ इंग्रजांच्या पलटणीत आणि दुसरा भूमिगत, असं घडू शकणारा हा मुलूख. त्याला वर्तुळातला कोणता रंग द्यायचा? देशाचं धोरण म्हणजे आतल्या अशा ओढाताणीतून उरलेलं काहीतरी असतं. एम. ए.ला तुला मुख्यतः हेच शिकायचं आहे, आणि गेम नेमकं तेच गाळतो.

दुसरी गोष्ट पश्चातबुद्धीची. फ्रान्स घेऊन खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की मे १९४० मध्ये जर्मन आर्डेनच्या जंगलातून येणार. तो १९३६ पासून तिथे तटबंदी उभारतो आणि स्वतःला तेव्हाचे फ्रेंच सरसेनापती गामलँ यांच्यापेक्षा हुशार समजतो. गामलँकडे ती माहिती पुढच्या काळातून आलेली नव्हती. युद्धाच्या खेळांचा खरोखर उपयोग करून घेणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. १९४२ मध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाच्या गिल्बर्ट रॉबर्ट्‌स यांनी एक तुकडी उभी केली. जमिनीवर खडूने समुद्र आखलेला, त्यावर जहाजांची छोटी चिन्हं, आणि चाली मांडायला नौदलातल्या तरुण मुली, बऱ्याचशा तुझ्याच वयाच्या. शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांना पडद्याआडून, भोकातून डोकावून, समुद्रावर दिसलं असतं तेवढंच दिसू दिलं जाई. जर्मन पाणबुड्या ताफ्याच्या आत शिरून मारा करतात, हे त्या तुकडीने त्या फरशीवर ताडलं आणि त्यावरची चाल बसवली. कमी दिसत असताना निर्णय घ्यायला लावणं, हे त्या खेळाचं मर्म होतं. तुझ्या गेममध्ये समोरच्याची फौज काही अंशी झाकलेली असते, पण इतिहास झाकलेला नसतो.

तिसरी गोष्ट मामाला सगळ्यात जास्त बोचते. गेममध्ये माणसं ‘मॅनपॉवर’ या एका आकड्यात आहेत. भरतीचा कायदा बदलला की लोकसंख्येच्या दीड टक्क्यापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत माणसं त्या आकड्यात येऊन पडतात. सात बटालियन पायदळ, दोन तोफखान्याच्या, असा साचा तू कितीदा तरी बनवला असशील. अशाच एका भारतीय डिव्हिजनमध्ये रायगडच्या माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मशिनगनच्या माऱ्यात त्याच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. तो एकटा धावत गेला, बॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, उरलेल्या शत्रूशी गोळीने आणि शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढला, आणि लगेच लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळीने पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून भडिमारातून बाहेर काढलं, मग परत जाऊन मशिनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. त्यालाही तोच क्रॉस मिळाला, तो मात्र जगला. गेममध्ये हे सगळं म्हणजे डिव्हिजनची हिरवी पट्टी किंचित खाली आणि पुन्हा वर.

सैनिक निदान आकड्यात तरी आहेत. सामान्य लोक त्याहून दूर. तेल, रबर, पोलाद, ॲल्युमिनियम, टंगस्टन, क्रोमियम यांचा गेममध्ये हिशोब आहे, धान्याचा नाही. १९४२ मध्ये जपानी येतील म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या आणि जादा तांदूळ काढून घेतला. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला, युद्धखर्चाने भाव कडाडलेले. १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की धान्य कमी पडण्यापेक्षा ते विकत घेण्याची ऐपत गेल्यामुळे माणसं मेली. ज्या गेममध्ये तांदूळ आणि त्याचा भाव नाही, तिथे हिंदुस्थानने युद्धाची किंमत काय मोजली याचा ताळेबंद निघू शकत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेलं ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली, आग विझवणारे जवान गेले. आजही देशभर त्या दिवशी अग्निशमन दिन पाळतात. गेममध्ये बंदर म्हणजे एक ते दहापर्यंतची पातळी. ज्यूंच्या संहाराला स्टुडिओने गेममध्ये जागाच दिलेली नाही. तो खेळाचा विषय होऊ नये हे मामालाही पटतं. पण मग नाझी जर्मनी म्हणजे उत्तम रणगाडे असलेला एक देश, एवढंच उरतं. त्या राजवटीच्या देखण्या गणवेशावर भाळलेली मुलं इंटरनेटवर पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नकोस.

नकाशा निष्पाप नसतो, हे चीनने २००४ मध्येच दाखवून दिलं. तिबेट आणि मांचुरिया वेगळे देश म्हणून दाखवले, या कारणाने या मालिकेच्या पहिल्या गेमवर तिथे बंदी आली होती. नकाशाची रेघ कोणी मारली, कोणत्या तारखेची मारली, हा प्रश्न पडद्यावरही विचारायचा असतो.

तर आता पुढे असं कर. जर्मनी आणि अमेरिका काही दिवस बाजूला ठेव. ब्रिटिश हिंदुस्थान घे, १९३९ पासून, आणि डाव बिघडला म्हणून जुनी सेव्ह पुन्हा उघडायची नाही असं ठरव. शेजारी वही ठेव. प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी घड्याळ थांबवून दोन ओळी लिही: त्या तारखेला दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या माणसाला यातलं काय ठाऊक होतं, आणि या निर्णयाला देशात कोण विरोध करत होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेममध्ये मिळणार नाही. ते शोधायला श्रीनाथ राघवन यांचं ‘इंडियाज वॉर’ वाच. कारखान्यांच्या बाजूसाठी ॲडम टूझ यांचं ‘द वेजेस ऑफ डिस्ट्रक्शन’ आहे. ते जाडजूड आहे, पण उत्पादनाचा पडदा कळणाऱ्या मुलीला कंटाळवाणं वाटणार नाही. याच स्टुडिओचा ‘व्हिक्टोरिया थ्री’ही पुढे बघ. त्यात धान्य आहे, भाव आहेत, जमीनदार आणि कामगार आहेत. लढाया मात्र त्यात फिक्या आहेत.

प्रवेशाच्या मुलाखतीत गेमचं नाव लपवू नकोस. पण बर्लिन किती दिवसांत घेतलं ते सांगत बसू नकोस. गेममध्ये काय नव्हतं ते शोधताना काय सापडलं, ते सांग. आणि रात्री बारानंतर लॅपटॉप बंद. याबाबतीत मामा पूर्णपणे तुझ्या आईच्या बाजूने आहे.

राघवन यांचं पुस्तक मामाकडे आहे, दिवाळीत आलीस की घेऊन जा. टूझ विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काढावं लागेल. येताना वही आण. १९४२ पर्यंतच्या नोंदी झाल्या असतील तर दोघे मिळून बसू.

कळावे,
तुझा मामा