उन्हाळी भाजीपाल्याची पेरणी केव्हा करावी?

माघ महिना लागला, ज्वारीची कणसे पिकू लागली व गव्हाच्या ओंब्या भरल्या, म्हणजे आमच्या जिंतूर भागातील बागाईतदारांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : उन्हाळी भाजीपाल्याचे बी जमिनीत केव्हा घालावे? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाचा निर्णय शेजाऱ्याच्या बांधावरून होतो. त्याने भेंडी टोकली, सबब आपणही टोकावी. कोणी संक्रांत धरतो, तर कोणी महाशिवरात्र. क्वचित साधते व पुष्कळदा फसते, आणि फसल्यावर दोष बियाण्यास लावला जातो. प्रस्तुत लेखात या निर्णयाची कारणमीमांसा करून प्रत्येकास आपापल्या रानात वापरता येईल अशी रीत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम आमच्याच चुकीची हकिकत सांगतो. एका वर्षी संक्रांतीनंतर चार दिवस ऊबदार गेले, तेवढ्यावर भरवसा ठेवून आम्ही अर्धा एकर भेंडी टोकली. पाठोपाठ थंडी परतली. विसाव्या दिवशी मोजदाद केली तेव्हा दहा ठिकाणी चार रोपेही उभी नव्हती. उकरून पाहता बी मऊ पडून कुजलेले आढळले. फेब्रुवारी अखेर पुन्हा बी आणून नांगे भरले. परिणाम असा झाला की, एकाच सरीत दोन वयांची झाडे उभी राहिली व दुसऱ्या खेपेच्या झाडांना फुले येण्याच्या वेळीच विहिरीने तळ गाठला. बी दोनदा गेले, मजुरी दोनदा गेली आणि माल एकदाच, तोही अर्धाच हाती आला. घाई आणि उशीर हे दोन्ही दोष एकाच रानात एकाच हंगामात कसे घडतात, हे त्या वर्षी आम्हांस कळून चुकले.

१. तिथी आणि सूर्य

आपले सण बहुतेक चांद्र तिथीवर चालतात व पीक मात्र सूर्याच्या उष्णतेवर वाढते, हा भेद आधी ध्यानात घ्यावा. महाशिवरात्र 2021 साली 11 मार्चला होती, 2023 साली 18 फेब्रुवारीला आणि 2026 साली 15 फेब्रुवारीला. म्हणजे तिथी एकच असता पेरणीत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडते. उन्हाळी पिकाच्या हिशेबात तीन आठवडे म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश आयुष्य होय.

याउलट सूर्याची नक्षत्रे दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात. मृगाची वाट आपण पाहतो ती याच हिशेबाने. उन्हाळी भाजीपाल्यासाठीही तोच हिशेब सोयीचा आहे : सूर्य सुमारे 24 जानेवारीस श्रवण नक्षत्रात, 6 फेब्रुवारीस धनिष्ठात, 19 फेब्रुवारीस शततारकात व 4 मार्चच्या सुमारास पूर्वा भाद्रपदात जातो. सणावर विसंबण्यापेक्षा हा क्रम अधिक भरवशाचा आहे. तथापि तोही केवळ सरासरी सांगतो. यंदाची थंडी कधी हटली हे पंचांगावरून कळत नाही, ते जमिनीसच विचारावे लागते.

२. जमिनीची ऊब

बी हवेत उगवत नाही, जमिनीत उगवते. म्हणून दुपारी अंगाला चटका बसला एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. परभणी जिल्ह्यातील थंडी साधी नव्हे. डिसेंबर 2018 च्या अखेरीस परभणी येथे पारा 3 अंशांपर्यंत उतरला होता. काळी जमीन ओली असता सावकाश तापते व पाणी दिल्यावर अधिकच थंड होते. हलकी मुरमाड जमीन व नदीकाठची वाळू लवकर तापते. पूर्वापार नदीच्या वाळूत आळी करून टरबुजे लावीत, त्यात पाण्याच्या सोयीबरोबर हाही लाभ होताच.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरिंग्टन यांनी निरनिराळ्या उष्णतामानास भाजीपाल्याच्या बियांना उगवण्यास किती दिवस लागतात याचे कोष्टक केले आहे. त्यातील आपल्या कामाचे आकडे स्थूलमानाने असे : जमीन 20 अंश असता भेंडी वर येण्यास 17 दिवस लागतात, 25 अंशास 13 दिवस आणि 30 अंशास केवळ 7 दिवस. टरबुजास 20 अंशास 12 दिवस, 25 अंशास 5 व 30 अंशास 3 ते 4 दिवस पुरतात. काकडी 20 अंशास 6 दिवसांत व 25 अंशास 4 दिवसांत उगवते.

या आकड्यांवरून एक हिशेब करून पाहावा. 20 जानेवारीस 20 अंशांच्या जमिनीत टोकलेली भेंडी 6 फेब्रुवारीस वर येईल. 5 फेब्रुवारीस 25 अंशांच्या जमिनीत टोकलेली 18 फेब्रुवारीस येईल. आरंभी घेतलेल्या सोळा दिवसांच्या आघाडीपैकी बाराच उरले. आणि हेही सर्व बी जगले तर! सतरा दिवस ओल्या, गार काळ्या मातीत पडून राहिलेल्या बियांवर बुरशी, मुंग्या व उंदीर यांचा डोळा असतो. बी खराब नसूनही उगवण विरळ होते ती याचमुळे.

मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर यांची गोष्ट वेगळी. त्यांस एवढ्या ऊबेची गरज नाही. उलट कोथिंबिरीचे बी फार तापलेल्या जमिनीत नीट उगवत नाही, व म्हणूनच उन्हाळ्यात तिची जुडी महाग होते. ही पिके जानेवारीतही निःशंक घ्यावीत.

३. ऊब कशी मोजावी?

जमिनीत खोचण्याचा साधा तापमापक मिळतो. तो नसल्यास काचेचा साधा तापमापक काडीने भोक पाडून जपून ठेवावा. दोन इंच खोलीवर, पाणी दिलेल्या व वाफशावर आलेल्या जागी, सकाळी सात वाजता व दुपारी तीन वाजता अंश पाहावेत आणि दोहोंची सरासरी काढावी. लागोपाठ चार-पाच दिवस सरासरी 22 अंशांच्या वर राहिली व पहाटेचा आकडा 16 च्या खाली गेला नाही, तर भेंडी, गवार, चवळी व वेलवर्गीय पिके पेरण्यास हरकत नाही.

तापमापक नसेल त्यांनी वानगीचा वाफा करावा. 15 जानेवारीपासून दर आठवड्यास रानाच्या एका कोपऱ्यात वीस-वीस बिया टोकाव्यात. ज्या आठवड्यातील बी दहा-बारा दिवसांत एकसारखे वर येईल, तो आठवडा आपला समजावा. ओल्या फडक्यात गुंडाळून घरात ठेवलेले बी उगवले, तर बी जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. चुलीजवळची ऊब रानात नसते.

लवकर पेरणे भागच असेल, तर दोन उपाय आहेत. एक, आधी पाणी देऊन वाफशावर बी टोकावे. टोकून पाणी दिल्यास काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो व ती गारही होते. दुसरा, सऱ्या पूर्व-पश्चिम काढून वरंब्याच्या दक्षिण अंगास टोकावे. त्या अंगास ऊन सरळ लागते. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजविल्यास उगवण लवकर होते. मात्र औषध चोळलेले रंगीत बी भिजवू नये, औषध धुऊन जाते.

४. उन्हाची हद्द

ऊब पाहिजे म्हणून मार्च उलटू देणे हाही तेवढाच मोठा दोष. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर राहतो. वेलवर्गीय पिकांत दिवस मोठा व ऊन कडक झाले म्हणजे नर फुले वाढतात व मादी फुले कमी होतात. परागही निकामी होऊ लागतात. वेल हिरवागार दिसतो पण फळ धरत नाही, असे जे आपण पाहतो त्याचे हेच कारण. भेंडीस ऊन सोसते. परंतु उशिराच्या भेंडीवर पांढरी माशी वाढते व तिच्यामुळे केवडा पसरतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण या रोगास टिकाव धरणारा म्हणून देशभर गेला. तथापि ती शक्ती सर्वत्र पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून केवळ वाणावर विसंबून उशीर करू नये.

यास्तव हिशेब उलटा करावा. टरबुजास काढणीपर्यंत 80 ते 90 दिवस लागतात. फळधारणा मार्चमध्ये व्हावयाची तर बी जानेवारी अखेरीस ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडले पाहिजे. भेंडीची पहिली तोडणी 45 ते 50 दिवसांनी येते व पुढे दीड महिना चालते. काकडीची तोडणी 40 ते 45 दिवसांनी सुरू होते. दोडका व कारले यांस सुमारे दोन महिने लागतात.

५. विहिरीचे पाणी

वरील सर्व साधले तरी पाणी पुरले नाही तर सर्व व्यर्थ. येलदरीचे धरण आमच्याच तालुक्यात, पूर्णा नदीवर आहे. पण तालुक्यातील पुष्कळ रानांचा आधार विहीर हाच. फेब्रुवारीतील पाणी पाहून क्षेत्र ठरविणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. क्षेत्र ठरवावे ते एप्रिलच्या पाण्यावर.

एक एकरास दोन इंच पाणी देणे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. पंप ताशी वीस हजार लिटर उपसत असेल व विहीर दररोज दोन तास पुरत असेल, तर पाच दिवसांत दोन लाख लिटर मिळतात, म्हणजे पाच दिवसांच्या पाळीने एक एकर भिजतो. परंतु गतवर्षी एप्रिलमध्ये विहीर तासभरच चालली असेल, तर आपणास अर्धाच एकर पेरण्याचा अधिकार आहे. ठिबक असल्यास पाण्यात 30 ते 50 टक्के बचत होते, त्या मानाने क्षेत्र वाढवावे. दुसरा अर्धा एकर पडीक राहिला तर काही जात नाही. पेरून वाळला तर बी, खत, मजुरी व मार्चपर्यंतचे पाणी एवढे सारे जाते.

६. बाजाराचा मोह

टरबूज व खरबूज यांस रमजानमध्ये चांगली मागणी असते. रमजान 2018 साली 17 मेस सुरू झाला व 2025 साली 2 मार्चला. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस मागे सरतो. पूर्वी हंगामाच्या अखेरीस येणारी ही मागणी आता हंगामाच्या आधी येऊ लागली आहे. मार्चच्या आरंभी फळ पाहिजे तर नोव्हेंबर अखेरीस, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, लावण करावी लागते. ज्यांच्यापाशी आच्छादनाचा कागद, वेलांवर घालण्याचे कापड व रोपवाटिकेतील रोपे आहेत त्यांनी हे साहस करावे. इतरांनी बाजाराच्या चंद्रामागे न धावता आपल्या सूर्यास धरून राहावे.

सारांश

श्रवणात मेथी, कोथिंबीर, पालक. श्रवण अखेर व धनिष्ठात टरबूज, खरबूज, काकडी. धनिष्ठात व शततारकात भेंडी, दोडका, कारले, गवार, चवळी. पूर्वा भाद्रपद लागल्यावर नवीन वेल लावू नयेत. या क्रमात आपल्या जमिनीच्या मानाने फरक करावा : मुरमाड रानात आठवडाभर आधी, भारी काळ्या रानात आठवडाभर मागून.

शिवाय सर्व बी एके दिवशी घालू नये. बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्ते करावेत. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपीट मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. दोन हप्ते असले म्हणजे एकावर आलेले संकट दुसऱ्यास बहुधा पुरते बुडवीत नाही, व बाजारातही माल एकदम येत नाही.

शेवटी एक विनंती. पेरणीची तारीख, त्या दिवशीचे जमिनीचे अंश, उगवणीचा दिवस, पहिली तोडणी व विहीर किती तास चालली, एवढ्या पाच गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात. तीन वर्षांनी ती वही आपल्या रानाचे खरे पंचांग होईल, व पेरणीचा दिवस विचारण्यास शेजाऱ्याच्या बांधावर जाण्याचे कारण उरणार नाही.