जाळाला हवा बाहेरची द्या

डिसेंबरात बारामती-इंदापूरकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि बाथरूमची एकुलती एक खिडकी बंद होते. गॅस गिझर मात्र आतच पेटतो. जरा हिशोब मांडा. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरावर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये हवा जेमतेम ५ घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांत त्यातल्या जवळपास एक तृतीयांश हवेइतका ऑक्सिजन एकटा जाळच संपवतो. मग ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हाक मारायचीही ताकद राहत नाही.

काय करावे

- गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावा: मागच्या पडवीत किंवा उघड्या बाल्कनीत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. खरा उपाय हाच. बाकीचे सगळे त्याखालोखाल.
- गिझर आत असलाच, तर तो बाहेर हलवेपर्यंत दोन झरोके हवेतच. एक जमिनीलगत, दुसरा छताजवळ, दोन्ही थेट बाहेर उघडणारे आणि बंद न करता येणारे. खालून ताजी हवा येते, वरून गरम धूर जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तोही खालच्याच झरोक्यातून निघतो.
- आधी बादल्या भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मग अंघोळ.
- ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर वापरू नका; मेकॅनिकला बोलवा.
- दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा.
- डोके ठणकले, मळमळले, पायांतले बळ गेले, तर लगेच बाहेर या. आत कोणी पडलेले दिसले तर दार सताड उघडा, त्याला मोकळ्यावर आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. फोनवर ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा.

काय टाळावे

- नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. दार-खिडकी बंद असताना फॅन आतली हवा खेचतो. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर गिझरच्या नळीतून वर चाललेला धूरच उलटा खोलीत येतो. फॅनच्या आधी झरोका.
- फ्लॅटमध्ये गिझरचा धूर अरुंद डक्टमध्ये सोडू नका. तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये शिरतो.
- निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. धूर थांबला म्हणजे धोका टळला, असे नाही. धुमसणारा कोळसाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो.
- माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कुटुंबे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. प्लॅस्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी बंद केलेल्या कोपीत चूल पेटती ठेवू नका. चूल बाहेर, आत पांघरुणे वाढवा. ती पुरवणे मुकादम आणि कारखान्याचे काम आहे.
- हॉटेलातल्या, भुशाच्या गोळ्या जाळणाऱ्या पेलेट भट्टीच्या पंख्याला कोंडलेल्या स्वयंपाकघरातली हवा ओढू देऊ नका. भट्टी बनवणाऱ्याला विचारून पंख्याच्या तोंडाला पाइप जोडा आणि तो भिंतीपलीकडे काढा. धुराच्या चिमणीपासून मात्र तो लांब हवा.
- बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड भिनलेल्या रक्तालाही तो ऑक्सिजन समजतो आणि आकडा ९८ दाखवू शकतो. रुग्णाला दवाखान्यात न्याच.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या परिसरात आणि एमआयडीसीलगत विद्यार्थी व कामगारांना खोल्या देणाऱ्या मालकांना कळकळीची विनंती: भाडेकरू स्वतः भिंत फोडून झरोका काढू शकत नाही. यंदाची थंडी पडायच्या आत गिझर बाहेर काढून द्या.