सिबिल थॉर्नडाइक

सिबिल थॉर्नडाइक यांचा जन्म १८८२ साली इंग्लंडमध्ये झाला. उत्तम पियानोवादक व्हावे, ही त्यांची लहानपणची आकांक्षा. परंतु हाताच्या दुखण्याने ती अपुरी राहिली. तरीही खचून न जाता त्यांनी रंगभूमीची वाट धरली. पहिल्या महायुद्धात पुष्कळ नट रणांगणावर गेले, तेव्हा लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ नाट्यगृहात सिबिलबाईंनी पुरुषांच्याही भूमिका केल्या. १९२४ साली बर्नार्ड शॉ यांच्या ‘सेंट जोन’ नाटकातील वीरकन्येच्या भूमिकेने त्या कीर्तिशिखरावर पोहोचल्या. पुढे त्या चित्रपटांतही चमकल्या. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, साठीच्या उंबरठ्यावर असताना, वेल्समधील खाणकामगारांच्या गावोगाव जाऊन त्यांनी ‘मॅकबेथ’चे प्रयोग केले. १९७६ साली त्या निवर्तल्या. कला श्रमिकांच्या दारीही गेली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखविले.