संत जोसेफ वाझ : मजुराच्या वेषातले धर्मगुरू

धर्मावरून छळ म्हटलं की मुलांना वाटतं, एका धर्माचे लोक दुसऱ्या धर्माच्या लोकांना त्रास देतात. संत जोसेफ वाझ यांचं चरित्र सांगितलं, की हा समज आपोआप दूर होतो.

जन्म : २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे. घरची भाषा कोकणी. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले.

त्या काळची परिस्थिती : १६५८ पर्यंत डचांनी श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला होता. डच प्रोटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिलं आणि उपासनेवर बंदी घातली. म्हणजे छळणारे ख्रिस्ती आणि छळ सोसणारेही ख्रिस्तीच!

कार्य : १६८७ मध्ये फादर वाझ मजुराच्या वेषात जाफना भागात उतरले. दिवसा लपायचं, रात्री घरोघरी जाऊन लोकांना धीर द्यायचा. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावं म्हणून ते तमिळ शिकले आणि पुढे सिंहलीही.

१६९२ मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले. तिथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. पण त्यांचं साधं वागणं पाहून राजा दुसरा विमलधर्मसूर्य यांचा संशय फिटला. हा राजा बौद्ध होता. ख्रिस्ती सत्तेने नाकारलेलं स्वातंत्र्य फादर वाझ यांना बौद्ध राजाने दिलं, हे मुलांना आवर्जून सांगा.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक घरच्या आजाऱ्यांनाही सोडून पळाले. फादर वाझ मात्र तिथेच राहिले. आजाऱ्याचा धर्म न विचारता त्यांनी त्यांना अन्न-पाणी दिलं, जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचं निधन झालं. ते गोव्याला कधीच परतले नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केलं.

वर्गात किंवा घरी मुलांना विचारा :
१. फादर वाझ यांनी वेष का बदलला?
२. नवी भाषा शिकल्यामुळे त्यांना कोणती मदत झाली असेल?
३. राजाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घेऊ नका. मुलांना बोलू द्या, आपण ऐकूया.