बाटली क्रमांक ५३ एन : औषधशुद्धीचा एक धडा

चरकसंहितेच्या विमानस्थानात वायू, जल, देश व काल यांच्या दुष्टीमुळे होणाऱ्या जनपदोद्ध्वंसाचे वर्णन आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा या शहराने तो अनुभव घेतला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथेच प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मांसरसात तुपाचे थेंब टाकून त्यावर जंतू वाढविणे व नंतर उष्णतेने ते मारणे, अशी ही कृती होती. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळ येथे स्थलांतरित झाली व तेथून दूरच्या प्रांतांनाही लस जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतील लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना ५३ एन या एकाच बाटलीतील लस दिली होती. नव्या कृतीत कार्बॉलिक आम्ल वगळल्याचा ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले.

परंतु बाटली उघडताना तिला वाईट वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू तीत पूर्वीपासून वाढले असते, तर तो आला असता. शिवाय बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राद्वारे हाफकिन यांची बाजू मांडली व ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले.

आम्हांस यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, औषध निर्मितीत शुद्ध असले तरी वाटपाच्या वेळी अशुद्ध होऊ शकते. म्हणून बरणीत ओला चमचा, उघडे झाकण वा न धुतलेला हात चालणार नाही. दुसरी, बाटलीवर क्रमांक होता म्हणूनच दोषाचा माग लागला. २००० पासून शेड्यूल टी ने आपल्या औषधशाळांना प्रत्येक घाणीची नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे. काहींना ती निव्वळ कारकुनी वाटते. आमच्या मते, रुग्णाचा प्राण आणि वैद्याची अब्रू या दोहोंचे रक्षण करणारी ती साक्ष आहे.