घरचा उपचार आणि न्यायालयाचा अधिकार

१८९२ साली वसविण्यात आलेल्या बंगळूरच्या चामराजपेटेपासून होसूर रस्त्यावरील निम्हान्स ही मनोविकारांची संस्था फार दूर नाही. तथापि मनोविकारग्रस्त मुलाने घरीच राहून नियमाने औषध घ्यावे, असा हुकूम न्यायालयाकडून मिळविण्यासाठी या पेठेतील एखादी आई निघाली, तर भारतीय कायद्यात तिला तसा अर्जच सापडत नाही.

१९१२ च्या कायद्यान्वये नातेवाइकास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येई. दोन वैद्यकीय दाखले जोडावे लागत, आणि अर्जदाराने मागील चौदा दिवसांत रुग्णास प्रत्यक्ष पाहिलेले असावे लागे. १९८७ च्या कायद्याने (अंमल १९९३ पासून) ‘वेडा’ या अर्थाची जुनी संज्ञा टाकून ‘मनोरुग्ण’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली. चौदा दिवसांची अट मात्र राहिली. शब्द बदलला, हुकूम बदलला नाही. तो रुग्णालयात दाखल करून घेण्याचाच होता.

२०१७ च्या कायद्याने (अंमल २९ मे २०१८ पासून) हा न्यायालयीन मार्गही बराच आकुंचित केला. दंडाधिकारी आता तपासणीसाठी फार तर दहा दिवस रुग्णालयात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. एरवी रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी थेट रुग्णालयाकडे अर्ज करतो, आणि दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासणी करतात. स्वतःस वा इतरांस इजा पोहोचविण्याचा धोका, अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसली, तरच तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. औषध नाकारणे एवढ्यावर भागत नाही. आजार विकोपास जाईपर्यंत थांबणे आईच्या नशिबी येते, हा या व्यवस्थेतील खरा काच होय.

घरापर्यंत पोहोचणारी एक तरतूद आहे. मृत्यू किंवा कायमची इजा टाळण्यासाठी, प्रतिनिधीच्या संमतीने, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर रुग्णाच्या घरीही बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. दाखल असलेल्या रुग्णास अटी घालून रजेवर घरी पाठविता येते. पण त्यासाठी आधी दाखल व्हावे लागते.

न्यूयॉर्कने १९९९ मध्ये व इंग्लंडने २००८ पासून घरी राहणाऱ्या रुग्णावर सक्तीचा उपचार कायद्यात आणला. परंतु इंग्लंडमधील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सक्तीने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. याउलट १९८० च्या दशकारंभी निम्हान्समध्येच पै व कपूर यांनी परिचारिकेच्या गृहभेटींचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णांची प्रकृती सुधारली आणि कुटुंबावरील भार हलका झाला. अशा परिचारिकेसाठी न्यायालयाच्या हुकमाची गरज नसते. तिची नेमणूक मात्र व्हावी लागते.